गेलेले गोलकीपर

माझ्या थोरल्या दिरांइतका चुकीचा माणूस ठाकुर्लीपासून कल्याणपर्यंत दुसरा झाला नसेल, आणि इतक्या मोठ्या आवाजात चुकणारा तर नाहीच. लग्न होऊन मी रेल्वेच्या चाळीत आले त्या संध्याकाळी ओट्यावर चाललेला आरडाओरडा ऐकून मला वाटलं, इस्टेटीच्या वाटण्या चालल्यात. आपण कुठल्या घरात पडलो म्हणून मी घाबरले. तो वाद, आमच्या कॉलनीच्या फुटबॉल संघाचा आजवरचा उत्तम गोलकीपर कोण, हा होता. स्वातंत्र्य आलं, कॉलनीतले निम्मे गोरे-अर्धगोरे बोटीने निघून गेले, साखरेचं रेशन आलं नि गेलं. तो वाद मात्र आहे तिथेच आहे.

भाऊजी रेल्वेच्या स्टोअरमध्ये कारकून. लग्न त्यांनी केलं नाही. कुठल्या तरी अनोळखी बाईवर त्यांनी केलेला हा फार मोठा उपकार. सासरे गेल्यापासून घरात शब्द त्यांचा. बाहेर ओट्यावर त्यांच्या शब्दाला आडवे जाणारे एकच, भोईरमामा. मामा इथले मूळचे, मैदानाच्या कडेला त्यांची भातशेती. चेंडू शेतात गेला की ते सामना थांबवून शिव्या देत, आणि संध्याकाळी आमच्याच ओट्यावर येऊन चहा पीत. चहा करायची माझी नणंद कुसुम. भाऊजी पहिला घोट घेऊन म्हणायचे, "हा चहा आहे की विसळलेल्या भांड्याचं पाणी?" रोज. ती बिचारी हसायची. तिच्या जागी मी असते तर कप डोक्यावर उपडा केला असता.

भाऊजींचं म्हणणं असं, की गोलकीपर एकच झाला, हेन्री. हा हेन्री इंजिन ड्रायव्हर, पुढे विलायतेला गेला. त्याची उडी दाखवण्यासाठी एकदा भाऊजींनी माझ्या कैरीच्या लोणच्याच्या दोन बरण्या खांब म्हणून माजघरात मांडल्या आणि मधल्या जागेत स्वतःला झोकून दिलं. वर्षाचं लोणचं जमिनीवर. मी लादी पुसत होते आणि भाऊजी कोपर चोळत मला सांगतायत, "मालती, बरणी एवढी आत ठेवलीस कशाला? हेन्रीला जागा लागायची."

"तुमचा हेन्री आता इथे येऊन लादी पुसणार आहे का?" मी विचारलं.

हेन्रीनंतर पिंटो, आणि पिंटोनंतर आमच्याच चाळीच्या टोकाला राहणारा प्रभाकर. प्रभाकर म्हणजे भाऊजींच्या मते फुटबॉलला लागलेली कीड. "चेंडू हवेत असला की हा खांबाला चिकटतो. पुढे म्हणून येत नाही." दर रविवारी त्याच्या नावाने खडे फोडत घरी यायचं, आणि भात गार झाला म्हणून मलाही ऐकवायचं.

आणि ह्याच प्रभाकरच्या आईने कुसुमला मागणी घातली.

मुलगा पार्सल ऑफिसात चिकटलेला, निर्व्यसनी, हुंड्याची बात नाही. कुसुमला पंचविसावं लागलेलं. तीन ठिकाणची मंडळी पोहे खाऊन उठून गेली होती. शिवाय प्रभाकरचं नाव निघालं की ही पदराशी खेळायला लागायची, म्हणजे तिला विचारायचीही गरज नव्हती. मी मनातल्या मनात मांडव घातलासुद्धा.

भाऊजी म्हणाले, "नाही."

"का पण?"

"जो माणूस गोल सोडून पुढे येत नाही, तो संसारात काय पुढे येणार? पिंटोने मागणी घातली असती तर विचार केला असता."

"पिंटोला चार मुलं आहेत!"

"असतील. पण उंच चेंडू कसा घ्यायचा!"

आमचे हे भावासमोर तोंड उघडत नाहीत, ते वर्तमानपत्रात शिरले. कुसुम आत जाऊन चहा टाकू लागली आणि तिचे डोळे पुसलेले मला दिसले. त्या क्षणी माझं डोकं असं फिरलं की तो रविवार उजाडेपर्यंत मी घरात कोणाशी धड बोलले नाही. रविवारी पायात चपला घातल्या आणि सरळ मैदानावर गेले. चारचौघांत ह्या माणसाची हजेरी घ्यायची, असं ठरवूनच.

मैदानावर बायामाणसं नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते, बघोत. भाऊजी प्रेक्षकांत नव्हतेच. ते आमच्या गोलाच्या जाळीमागे, प्रभाकरच्या पाठीला सावलीसारखे लागून उभे होते आणि तोंडाचा पट्टा चालू होता. "डावीकडे मर, मुडद्या! झोपलास? आता वाक! वाक म्हणतो ना, गाढवा!" आपला संघ पलीकडच्या टोकाला काय करतोय याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मध्यंतर झालं तसे ते निघाले आणि दुसऱ्या टोकाच्या जाळीमागे जाऊन उभे राहिले. म्हणजे इतकी वर्षं ह्या गृहस्थाने प्रत्येक सामना अर्धाच पाहिला होता!

प्रभाकर घाम पुसत माझ्याजवळ आला. "वहिनी, त्यांना इथे काही बोलू नका."

"का? शिव्या गोड लागतात?"

"ते मागे असले की मला मागे बघावं लागत नाही."

मी पाहिलं होतं ते खरं होतं तर. 'डावीकडे मर' म्हटलं की हा डावीकडे जात होता, आणि चेंडू नेमका तिथेच येत होता. मग त्याने हळूच सांगितलं, "माझी भुसावळला बदली झालीय. पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय. अजून कोणाला बोललो नाही."

मी मैदानावर काही बोलले नाही. संध्याकाळी ओट्यावर चहाचा ट्रे मीच घेऊन गेले आणि तिथेच उभी राहिले.

"भोईरमामा, हेन्री खेळत होता तेव्हा भाऊजी त्याला काय म्हणायचे?"

मामा खो खो हसले. "मुडदा! भर मैदानात. त्यो बिचारा मराठी शिकला ती ह्यांच्या शिव्या ऐकून."

"आणि पिंटोला?"

"आंधळा बैल म्हनत व्हते. त्यो गेला नि मग सोन्याचा झाला."

भाऊजींनी कप खाली ठेवला. मी म्हटलं, "प्रभाकरची भुसावळला बदली झाली आहे. म्हणजे पुढच्या महिन्यात तोही सोन्याचा होणार. तेव्हा तुम्ही ह्याच ओट्यावर बसून त्याचे गोडवे गाणार, आणि आत कुसुम ते ऐकत बसणार. ते मी ऐकून घेणार नाही. काय ते आज सांगा."

भाऊजींचा चेहरा लाल झाला.

"बदली? मग गोलात कोण?"

"ते मला काय ठाऊक!"

त्यांनी एकदा मैदानाकडे पाहिलं. मग खेकसले, "मुहूर्त काढा. पण सेमीफायनलनंतरचा!"

लग्न चाळीसमोरच्या मांडवात झालं. अंतरपाट दूर होताना मुलीचा भाऊ मुलीकडे असावा ना? भाऊजी नवरदेवाच्या पाठीमागे. माळ घालायची वेळ आली तसा आवाज आला, "दोन्ही हातांनी, गाढवा!" आणि प्रभाकरने मागे न बघता दोन्ही हातांनी माळ घातली.

आता गोलात एक नवा पोरगा आहे. तो अर्थात मुडदा आहे. परवाच मी भांडी घासता घासता ऐकलं, भाऊजी भोईरमामांना सांगत होते, "गोली म्हणजे आमचा प्रभाकर. चेंडू हवेत असला की घारीसारखा पुढे यायचा!" मला इतका संताप आला की हातातली कढई घेऊनच बाहेर जावंसं वाटलं.

चहा मात्र मीच नेऊन दिला. त्यांनी एक घोट घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुसुमसारखा चहा कोणाला जमत नाही, मालती. तुझा म्हणजे नुसतं विसळलेल्या भांड्याचं पाणी."

माझाही चहा एक दिवस सोन्याचा होईल, आणि तो कधी होईल हेही मला ठाऊक आहे. मला घाई नाही. मी कप उचलला, आत गेले आणि त्यांना अर्धा कप आणखी ओतून आणला.