एकच मशीन शाबूत

संगमनेरच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवायला लागले, तेव्हा लॅबमधलं एक जुनं मशीन माझ्या वाट्याला आलं. मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून मी त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. तास नसला की पडद्यावर मराठी अक्षरं उमटवणारा प्रोग्रॅम लिहीत बसायचे.

लॅबचे इन्चार्ज सर हळूच मागे येऊन उभे राहत.

"मॅडम, हे फुकट देतात म्हणता. मग त्यांचं पोट कशावर चालतं?"

"हौसेनं लिहितात, सर. मीही लिहितेच की."

"तुम्हाला पगार मिळतो," ते म्हणाले.

प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आल्या आणि लॅबमधल्या बाकी सगळ्या मशीनवर व्हायरस पसरला. काही उघडेना. त्या सगळ्यांवर डॉस होतं आणि तो डॉसच्याच प्रोग्रॅमना चिकटणारा होता, लिनक्सवर त्याचं काही चालत नव्हतं. त्यामुळे माझं मशीन तेवढं सुरू राहिलं, आणि तेच नडलं.

प्राचार्यांनी बोलावलं. सर तिथंच बसले होते.

"तुम्ही प्रोग्रॅम लिहिता. व्हायरस हाही प्रोग्रॅमच ना?"

"हो," मी म्हणाले. नाही कसं म्हणणार?

स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं थांबायला लागलं. माझ्या टेबलाचा खण कुणीतरी उचकला होता. मीही कुलूप आणलं, आणि सर जवळून गेले की त्यांच्या हातांकडे बघू लागले.

शेवटी मी लिनक्सवरच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. फ्लॉपी घातली की तो तिच्यात त्या व्हायरसची खूण शोधायचा. प्राचार्यांसमोर लॅबमधल्या सगळ्या फ्लॉप्या तपासल्या. खूण सापडली ती सरांच्या फ्लॉपीत. सावेडीतल्या पुतण्याकडून त्यांनी पत्त्यांचा खेळ आणला होता.

सरांनी ती फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली.

"यांच्या मशीननं बरोबर ओळखला," ते प्राचार्यांना म्हणाले. "म्हणजे त्याला आधीपासून ठाऊक असणार."

प्राचार्य हसले. मला हसू आलं नाही. त्यानंतर प्रत्येक फ्लॉपी आधी माझ्याकडे तपासायचा नियम झाला, पण सर शेजारी खुर्ची टाकून बसल्याशिवाय मला एकही तपासता येत नसे.

पुढे मी ती नोकरी सोडली. दुसऱ्याच दिवशी सरांनी ते मशीन पुसून त्यावर डॉस टाकलं, असं कळलं. माझ्या प्रोग्रॅमची प्रत मी आधीच घरी नेऊन ठेवली होती.