पंचाहत्तरचा बॉल

रमाकांत खानोलकर हा माणूस कुठलीही वस्तू नेमक्या मापाची घेत नाही. एक नंबर मोठी घेतो. त्यांच्या मुलाचे, यशोधनचे शाळेचे बूट पुढे कापूस कोंबून चालायचे, आणि पायाला नीट बसेपर्यंत बुटांच्या टाचा झिजलेल्या असायच्या. रमाकांत भावजी पस्तीस वर्षं विमा कंपनीच्या स्टोअर्समध्ये होते. लहान वस्तू वाया जाते, मोठी सगळ्यांना होते, हे त्यांचं पक्कं मत. सबंध चिंचपोकळीत ते एकटेच असतील ज्यांनी रिटायर होतानाचा सफारीसुद्धा वाढत्या अंगाचा शिवला.

मी अंबिका, त्यांची शेजारीण. आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, आणि तीही नावाची. त्यामुळे पुढचं सगळं मला कान न देताच ऐकू आलंय.

त्यांची बायको पद्मजा आमच्या भजनी मंडळाची पेटीवाली. नवरात्रातल्या अष्टमीला दोन तास भजन असतं, जमिनीवर मांडी घालून. श्रावणात पद्मजाची कंबर धरली ती धरलीच. खाली बसली की उठायला दोन माणसं लागायची. मग परळच्या मेघना नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे गेले दोघं. मुलगी हुशार. म्हणाली, मोठ्या बॉलवर बसून आठ आठवडे व्यायाम करा, अष्टमीला पेटीवर बसाल. फक्त बॉल मापाचा हवा. तिने पद्मजाची उंची विचारली तर दोघं एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी तिने कागदावर लिहून दिलं: बॉलवर बसल्यावर पाऊल सपाट जमिनीला टेकलं पाहिजे, आणि मांडी सरळ किंवा गुडघ्याकडे किंचित उतरती राहिली पाहिजे. जमलं तर दुकानात बसून बघा, असंही तोंडी सांगितलं. भावजींनी मान डोलावून कागद खिशात घातला. तो खिशातच राहिला.

दादरला भावजी एकटेच गेले. पद्मजाची कंबर दुखते, तिला कशाला फरफटवायचं, असा विचार. दुकानदाराने विचारलं, कोण वापरणार? भावजी म्हणाले, घरातले सगळे. सगळे म्हणजे कोण, तर वर्षातून दोनदा बंगळुरूहून येणारा यशोधन, आणि स्वतः भावजी, ज्यांचा व्यायाम म्हणजे रिमोट शोधणं. दुकानदाराने पंचेचाळीसचा दाखवला, पंचावन्नचा दाखवला. हे पोरांचे, म्हणून भावजींनी थेट पंचाहत्तर सेंटिमीटरचा उचलला. खोक्यावर स्पष्ट छापलं होतं की हा सहा फुटांवरच्या माणसांसाठी. आमच्या चाळीत सहा फुटांचा माणूस मी एकदाच पाहिलाय, मीटर बदलायला आला होता तो.

सायकलच्या पंपाने हवा भरली आणि दहा बाय पंधराच्या खोलीत तो निळा बॉल जावयासारखा मधोमध बसला. पद्मजा त्यावर चढली. हो, चढलीच. पाय अधांतरी.

शहाणा माणूस त्याच संध्याकाळी बॉल परत देऊन आला असता. भावजींनी माळ्यावरून जेवायचे दोन पाट काढले आणि तिच्या पायांखाली सरकवले. "आता टेकले ना?" टेकले, पण बॉल सरकला की पाट सरकायचे आणि पद्मजा कपाटाची कडी धरून लटकायची. मी भावजींना सांगायला गेले, तर त्यांनी शांतपणे समजावलं की शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. मग थोडी हवा काढली, तर बॉल उतरलेल्या पुरीसारखा बसला आणि तिला त्यातून उठताच येईना. परत हवा भरली, परत पाट लावले.

चार आठवडे हे चाललं. कंबरदुखी कमी होण्याऐवजी वाढली. पद्मजाला मी झापलं, तुझं तोंड कुठे गेलंय म्हणून.

"अगं, एवढं ओझं दादरहून उचलून आणलं त्यांनी," ती म्हणाली. "आता कुठे बोलू?"

या बाईचं मी काय करू? चौतीस वर्षं हेच ऐकतेय. चिडून मी त्या दिवशी तिच्याकडचा चहासुद्धा घेतला नाही.

महिन्याने मेघना घरी बघायला आली. पद्मजा पाटांवर पाय ठेवून बॉलवर बसली होती. मेघना हसली नाही. तिने पद्मजाला हात देऊन उतरवलं, दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं आणि भावजींकडे टेप मागितली. चार फूट दहा इंच. भावजींनी टेप दोनदा वाचली. या माणसाला माळ्याची खोली आणि खिडकीच्या ग्रिलची रुंदी तोंडपाठ आहे.

पंचेचाळीसचा आणा, मेघना म्हणाली. भावजींनी विचारलं, अष्टमीचं काय?

"हे चार आठवडे नीट झाले असते तर बसल्या असत्या. यंदा नाही."

पद्मजा चहाचं आधण ठेवायला वळली. मला मात्र राहवेना. घरी येऊन दार लावलं आणि रडले, तिच्यासाठी आणि तिच्या त्या गप्प बसण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी भावजी पद्मजाला सोबत घेऊन गेले आणि तिला दुकानातच बॉलवर बसवून बघून पंचेचाळीसचा आणला. अष्टमीला पेटी दुसऱ्या मजल्यावरच्या संघमित्राने वाजवली, तालाच्या अर्धा पाऊल मागे. पद्मजा खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती. भावजींना लोक सतरंजीवर बोलवत होते, पण ते दोन तास दाराशी उभेच राहिले.

दिवाळीआधी मेघना पुन्हा आली, तेव्हा पद्मजा पोळ्या लाटत होती. टाचा उचलून, खांदे वर करून. मेघनाने विचारलं, ओटा इतका उंच कोणी केला? भावजींनीच, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. खाली सिलिंडर आणि तांदळाचा मोठा डबा आरामात मावावा म्हणून. मेघनाने सरळ सांगितलं की बॉलवर वीस मिनिटं आणि इथे चवड्यांवर रोजचे चार तास, कंबर बरी होणार कशी? पुढच्या वर्षी पेटीवर बसायचं असेल तर आधी हा ओटा उतरवा.

रविवारी आनंदा गवंडी आला. ओट्यापाशी उभं राहून त्याने भावजींना विचारलं, किती उंच ठेवू? भावजींच्या हातात टेप उघडी होती. मी दारातच उभी होते, थोडा उंचच ठेव हे ऐकायची तयारी करून. भावजींनी टेप मिटली.

"तिला विचार."

पद्मजा पुढे आली. कोपर वाकवून तिने तळवा हवेत धरला, लाटणं फिरवून पाहिल्यासारखा हलवला. आनंदाने तिथे भिंतीवर पेन्सिलची रेघ मारली. तिथे ओटा केला तर तांदळाचा डबा खाली मावणार नव्हता, हे आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं. पद्मजाने डब्याकडे पाहिलं, भावजींकडे पाहिलं, आणि हात आणखी इंचभर खाली घेतला.