ढिगातला फरक ओळखणारे सर

आमच्या ठोंबरे सरांना साठ वर्षं पूर्ण झाली, आजी तुम्हीही लिहा, असं कॉलेजच्या मंडळींनी सांगितलं. मी चौथी शिकलेली, आष्टीच्या बाजारात भाजी विकणारी बाई. पण माझी नात पल्लवी सरांची विद्यार्थिनी, म्हणून लिहिते.

सर पहिल्यांदा दिसले ते बाजारातच. पल्लवी आठ दिवस कॉलेजात गेली नव्हती, माझ्यामागं मिरच्या निवडत बसायची. सर वर्ध्याहून बसनं आले. मला वाटलं गिऱ्हाईक, मी अर्धा किलो वांगी तोलूनही टाकली. वांगी त्या दिवशी झकास होती, ते असो.

"आजी, पोरगी काऊन येत नाई?"

"भेते तुमाले," मी सांगून टाकलं.

गोष्ट अशी. आभाळात ताऱ्यांचे गुच्छ असतात, एकमेकांना खेटून. त्यात कोणता तारा कमीजास्त उजळतो, हे सर अन् पल्लवी दुर्बिणीच्या फोटोंतून शोधत होते. पल्लवीला एक सापडला. पण सरांनी पूर्वी छापलेल्या यादीत तोच तारा 'स्थिर' लिहिलेला! गुरूंची चूक दाखवायची कशी? पोरीनं तारा सोडून द्यायचं ठरवलं होतं.

सर सरळ पोत्यावर बसले. "आजी, या ढिगातलं एक वांगं कोनी बदलवलं तं समजते?"

"समजते ना! जे तसंच हाय ते कायले पाहाचं? बदललं तेवढंच पाहाचं."

"पल्लवी, आजीनं तुझा अख्खा अभ्यास सांगितला बघ," सर हसले. दोन दिवसांचे फोटो एकावर एक ठेवून एकातून दुसरा वजा करायचा. सारखं असेल ते पुसून जातं, बदललं तेवढं उरतं. सरांच्या जुन्या फोटोंत दोन तारे मिळून एकच दिसले होते, त्यामुळं बदल कळला नव्हता.

पण तेवढ्यावरून सरांनी लगेच मान डोलावली नाही हो. महिनाभर सगळे फोटो तिच्याकडून पुन्हा तपासून घेतले. मग भरल्या सभेत म्हणाले, "यादीत माझी चूक होती. ती पल्लवीनं शोधली." लेखावर तिचं नाव पहिलं, सरांचं मागं. मी शेवटच्या रांगेत होते, पण टाळी माझीच पहिली.

आता माझा आशीर्वाद. आज सरांचा एक फोटो काढून ठेवा. शंभरी झाली की दुसरा काढा, अन् एकातून दुसरा वजा करा. काहीच उरू नये! सरांच्या तब्येतीपुढं मी 'स्थिर' लिहिते. ही यादी मात्र कोणाला सुधारावी लागू नये.