आत्याची न दिलेली घंटा

भाद्रपदातल्या एका सकाळी मी ठाण्याच्या कोर्टात जायच्या गडबडीत पागोटं शोधत होतो, तेव्हा टपालवाला एक कार्ड देऊन गेला. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे वाचण्याआधीच कळलं की कुणीतरी गेलं. आणि अक्षर कल्याणच्या रामभाऊंचं, म्हणजे कोण गेलं तेही कळलं. माझी काशीआत्या. रामभाऊंनी आपल्या आईचं मरण दोन ओळींत उरकलं होतं. लहानपणापासून मी ज्या आत्याला ओळखत होतो, तिला हे मुळीच चाललं नसतं. तिने आपल्या मरणाची हकिकतसुद्धा चार पानं स्वतः सांगितली असती. आणि शेवटची सहा वर्षं मी जिला पाहत होतो, तिला दोन ओळीही जास्तच वाटल्या असत्या... ही दुसरी आत्या कुठून आली, याचं मला फार नवल वाटे. अजूनही वाटतं.

आत्या ऐन तरुणपणी विधवा झाली. एकुलत्या एका रामभाऊंना तिने एकटीने वाढवलं, शिकवलं, शाळामास्तर केलं, आणि कल्याणात काळ्या तलावाजवळ त्यांचा संसार उभा करून दिला. या सगळ्यात तिला कशाची मदत झाली असेल तर जिभेची. त्या जिभेला हाड नव्हतं. कामानिमित्त कल्याणला गेलो की मी तिच्याकडेच जेवायला असे, आणि आमटी फुरकण्याच्या आत आमटीवर निकाल लागलेला असे. तो ऐकायचा कुणी, तर तिच्या सुनेने, यमुनावहिनींनी. एके दिवशी वहिनी भरल्या पानावरून रडत उठल्या. आत्या बराच वेळ त्या पानाकडे बघत बसली म्हणे. पुढे आषाढी एकादशीला तिने जाहीर केलं की या चातुर्मासात मी मौनाने जेवणार.

हे व्रत आमच्याकडे पुष्कळ बायका करतात. चार महिने जेवताना बोलायचं नाही. तोंडून शब्द गेला तर तिथेच पान सोडून उठायचं. आणि कार्तिकात उद्यापनाला देवळाला घंटा द्यायची. चार महिने गप्प बसायचं आणि शेवटी देवाला द्यायचं काय, तर आवाज! हे ज्याने ठरवलं त्याची उलटतपासणी घ्यायची माझी फार इच्छा आहे. आत्या पंधरा दिवससुद्धा काढणार नाही, असं मी रामभाऊंना छातीठोकपणे सांगितलं होतं. तिने साडेतीन महिने काढले. कासाराकडून पितळेची घंटाही आणून ठेवली.

आणि इथे मी माती खाल्ली. कार्तिकी द्वादशीला आठच दिवस उरले होते. माझं जेवण झालं होतं, आत्या सोवळ्यात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जेवत होती, आणि मी उंबऱ्याशी सुपारी कातरत बसलो होतो. मला खुमखुमी आली. मी वहिनींना माझ्या मुंजीची गोष्ट सांगू लागलो आणि मुद्दाम म्हणालो, "आत्याने लाडू केले होते खरे, पण पुरले नाहीत. पंगत तशीच उठली."

"पुरले नाहीत? पाच पराती उरले होते, मेल्या!"

आत्याचा हात पानावर तसाच राहिला. मग पाण्याचा हात फिरवून ती उठली. ती एकभुक्त होती. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत अन्न नाही. मी हसायला तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं. वहिनी मला एवढंच म्हणाल्या, "भावजी, कशाला हो?" त्या वर्षीचं उद्यापन राहिलं.

पुढच्या वर्षी आत्याने चारही महिने पुरे केले. द्वादशीला भटजी आले, तर ती म्हणाली, "यंदा नको." त्यापुढेही दरवर्षी तेच. घंटा फडताळात पडून राहिली. वाजू नये म्हणून तिच्या लोलकाला चिंधी गुंडाळलेली. माझ्यामुळे व्रत मोडलं, त्याची अढी धरून ती घंटा देत नाही, असं मी मनाशी पक्कं केलं. मला त्याची लाज वाटत होती, आणि विचारायचा धीर होत नव्हता.

विचारलं ते या ज्येष्ठात, आमच्या शेवटच्या भेटीत. ती थकली होती, पण डोळे हसरे होते.

"तुझ्यामुळे नाही रे विसू," ती म्हणाली. "तुझ्यामुळे नाही कसं, तुझ्यामुळेच म्हण. आधी मी गप्प बसून मनात भांडतच होते. मीठ कमी, भात मऊ... मग ते दमलं. मग या यमुनेच्या बांगड्या ऐकू यायला लागल्या. ही रुसली आहे की खुशीत आहे, ते बांगड्यांवरून कळे. मग त्याही ऐकू येईनात. तू बोलायला लावलंस आणि एकदम काहीतरी गेलं. गेलं तेव्हा कळलं, की होतं!"

"काय होतं, आत्या?"

"ते सांगायला गेले तर तुझ्यासारखी वकिली होईल. येऊन जेव चार दिवस माझ्याबरोबर. घंटा दिली की व्रत संपलं. मला संपवायचं नाहीये."

मी बाळकुमच्या एका खटल्यात गुंतलो होतो. पुढल्या महिन्यात येतो म्हणालो. गेलो तो कोपरा फाटलेल्या कार्डामागून.

रामभाऊंना एकच घोर लागला होता. आईचं व्रत उद्यापनावाचून अडकलं, तिला गती कशी मिळणार? आई गेल्यामुळे त्यांना स्वतःला वर्षभर असलं काही करता येईना. म्हणून आत्याच्या चातुर्मासाचे उरलेले दिवस मी मौनाने जेवेन आणि द्वादशीला घंटा देईन, असं ठरलं. बोलण्यावर पोट भरणारा माणूस मी. पहिले कित्येक दिवस मी घासागणिक आत्याशीच वाद घालत होतो. नौपाड्यातल्या माझ्या घरी एकदा आमटीत मीठच नव्हतं, तेही गिळलं. आणि एका दुपारी, ताकभात चालला असताना, दारातून कुणीतरी "वकीलसाहेब!" अशी हाक मारली, आणि काहीतरी गेलं. दोन घास असेल, तीन असेल... पण होतं. मी पानावर बसून रडलो. तिच्याबरोबर चार दिवस जेवायला मला वेळ झाला नव्हता.

परवा द्वादशी झाली. मी कल्याणला गेलो. भटजी आले, रामभाऊंनी फडताळातून घंटा काढून पाटावर ठेवली. मी लोलकावरच्या चिंधीची गाठ सोडायला लागलो. आत्याने ती घट्ट बांधली होती. अर्धी सुटली, आणि माझे हात थांबले. रामभाऊ माझ्याकडे बघत होते.

"भटजी," मी म्हणालो, "यंदा नको."

रामभाऊ काही बोलणार होते, पण यमुनावहिनी पुढे आल्या. त्यांनी गाठ पुन्हा आवळली, घंटा उचलून फडताळात ठेवली, आणि एक शब्द न बोलता आत्याच्या कोपऱ्यात माझं पान मांडलं.