नजरचुकीने

भावाच्या मुलीने घराण्याची वंशावळ काढायला घेतली तेव्हा सगळ्यात जास्त मीच मिरवलं. शाळेच्या कार्यालयात उभा जन्म कारकुनी केलेली बाई मी. कुठला कागद कुठे मिळतो, हे आमच्या घरात माझ्याइतकं कोणाला कळणार? भाची पुण्याला नोकरी करते. शनिवार-रविवार पनवेलला आली की कागदांचा पसारा मांडून बसायची आणि मी बाजूला बसून तिच्या चुका काढायचे.

तिच्या ऑफिसातल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीने पणजीच्या थडग्यावरून चार पिढ्या शोधल्या होत्या. त्याचा हिला फार हेवा. "आपल्यात सगळं जाळून टाकतात गं आत्या, वाचायला काही उरतच नाही," असं ती कुरकुरायची. तरी चिकाटीची. एका रविवारी स्मशानभूमीत जाऊन तिथल्या बाकांवरच्या, भिंतीवरच्या स्मरणार्थ लाद्या फोनमध्ये घेऊन आली. संध्याकाळी चहा पिता पिता तिने मला दोन प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न असा, की आजोबांच्या बहिणीचा जन्म लागतो, पण मृत्यूची नोंद कुठेच नाही, मग ती बाई गेली कुठे? दुसरा प्रश्न एका बाकाचा होता. "देणाऱ्याच्या जागी बाबांचं नाव आहे. पण ही 'कै. सौ.' कोण? आपल्या घरात या नावाची बाई कधी ऐकली नाही."

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच होतं आणि ते मला ठाऊक होतं. मी उठून कप विसळायला गेले.

ती बाई माझी आत्या. तळोज्याजवळच्या आमच्या गावात जन्मली, तिथूनच लग्न होऊन गेली. सासरच्यांनी रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळांत तिचं नवं नाव लिहिलं. वर्षभरात नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली आणि आत्या पत्र्याची पेटी घेऊन परत आली ती कायमची. काडीमोड नाही, काही नाही. तांदळांतल्या त्या नावाने कोणी हाक मारली तर ती वळूनही बघायची नाही. आम्ही पनवेलला राहायला आलो तेव्हा तीही आली. गावी असताना माझी आई शेतावर राबायची, त्यामुळे मला न्हाऊ-माखू घातलं ते आत्याने. माझी पहिली पाटी तिने हाताला धरून गिरवून घेतली. तिला स्वतःला जेमतेम नाव लिहिता यायचं, पण ते नाव मात्र ती ठसठशीत लिहायची.

शेवटच्या आजारपणात तिने मला जवळ बसवून सांगितलं होतं, "तू लिवनारी हायस म्हनून तुला सांगते. मी मेल्यावर त्याचा नाव माजे नावाला लावू नको. सौ. नको न् गंगाभागीरथी पन नको. माजा नाव हाय, तोच लिव."

मी हो म्हटलं. हात हातात घेऊन हो म्हटलं.

ती गेली तेव्हा भाची जन्मलीही नव्हती. त्याच आठवड्यात माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं. होणारे व्याही मयतीला आले. लिहिण्याचं काम म्हणून स्मशानभूमीच्या खिडकीशी मी गेले, आणि ते माझ्या मागेच येऊन उभे राहिले. आतल्या माणसाने विचारलं, "पतीचं नाव?" नवऱ्याने टाकलेली बाई यांच्या घरात होती, हे व्याह्यांना तिथे, तसं कळू नये एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी खणखणीत आवाजात सासरचं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, आडनाव सांगितलं. तो जिवंत होता की नाही याचा पत्ता नव्हता, तरी पुढे सौ. लावायला सांगितलं. खाली माहिती देणार म्हणून सही केली. पुढे भावाने बाक दिलं तेव्हा लादीवाल्याला त्यावरून निघालेला मृत्यूचा दाखलाच दाखवला.

आणि ही मी कोण? पालकांनी मुलाच्या नावात एक काना चुकवला तर त्यांना चार लोकांत झापणारी. "एकदा दाखल्यावर चढलं की जन्मभर तेच," हे माझं ठरलेलं वाक्य.

भाचीला मी सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "पण तुला माहीत होतं ना, आत्या?"

दुरुस्तीसाठी माहेरच्या नावाचा पुरावा हवा होता. जन्माच्या नोंदीत नाव नव्हतं, नुसतं 'मुलगी' एवढंच होतं, आणि घरात एक चिठोरंही नव्हतं. मग मी गावच्या शाळेत गेले. गावाभोवती आता उंच इमारती आहेत, पण शाळेत जुनं जनरल रजिस्टर जपून ठेवलेलं. अर्ध्या तासात नोंद सापडली. आत्याचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, इयत्ता दुसरी. शाळा सोडल्याचं कारण, सतत गैरहजर. असे उतारे मी शेकडो लोकांना काढून दिले होते. ती जिवंत असताना रिक्षाने जाऊन तिच्यासाठी एक काढावा असं मला कधी सुचलं नाही. मला तिथेच रडू फुटलं. मुख्याध्यापिकेने खुर्ची दिली, पाणी दिलं.

उतारा जोडून मी जन्म-मृत्यूच्या खिडकीवर अर्ज दिला. 'चुकीचे कारण' या रकान्यात मी खरं ते लिहिलं होतं, की माहिती देणारीला खरं नाव माहीत होतं, तिने लोकलाजेस्तव दुसरं सांगितलं. खिडकीतल्या मुलीने ते दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाली, "काकू, असं लिहिलंत तर चौकशी लागेल, अर्ज अडकून पडेल. सगळे लिहितात ते लिहा ना. नजरचुकीने."

तो शब्द मला काय नवा? शाळेत दुरुस्तीच्या प्रत्येक अर्जावर मीच तो सांगत आले.

तिने कोरा अर्ज पुढे सरकवला. आत्याचं नाव मी तिच्यासारखंच ठसठशीत लिहिलं, पुढेमागे काही न लावता. ते आता तसंच नोंदलं जाईल. आणि त्याच्याखाली, माझ्या सहीनिशी, 'नजरचुकीने' हेही.