इंदुबाईंची भरलेली बाटली

भाव पाडून घेतल्याशिवाय मला खरेदी केल्यासारखं वाटत नाही. कोथिंबिरीच्या जुडीपासून सोफासेटपर्यंत मी सगळीकडे घासाघीस केली आहे. भाईंदर पश्चिमेच्या बाजारात एकच दुकान असं निघालं, जिथे माझी डाळ शिजली नाही. ते इंदुबाईंचं.

इंदुबाई खारी गावातल्या. सासरची मिठागरं गेली, तेव्हा त्यांचे यजमान धर्मा यांनी खेळाच्या सामानाचं दुकान टाकलं. ते वारल्यावर इंदुबाई गल्ल्यावर बसल्या. अंगावर लुगडं, पाठीमागे बॅटी, फुटबॉल आणि डोंगर चढणाऱ्यांसाठी तऱ्हेतऱ्हेच्या पाण्याच्या बाटल्या.

२००७ च्या मे महिन्यात माझ्या सान्वीला ट्रेकला जायचं होतं. मी अडवत होते. आदल्या वर्षी ती कॉलेजच्या मैदानात ऊन लागून कोसळली होती, सलाइन लावावं लागलं. तहान लागायची वाट बघू नका, हिला घोट घोट पाणी पीत राहू द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ट्रेक नेणारा विपुल आमच्याच पूनम सागर सोसायटीतला. त्याने तोडगा काढला. पाण्याची पिशवी पाठीवर, तिची नळी तोंडाशी, म्हणजे चालता चालता पिता येतं. सगळ्यांसाठी तशाच पिशव्या घ्यायचं ठरलं आणि विपुलबरोबर भाव करायला अर्थातच मी गेले.

"मावशी, एवढ्या घेतोय, थोडं कमी करा ना." सोबत ट्रेकची बस कधी, कुठून निघणार इथपासून सान्वीला आलेल्या चक्करपर्यंत सगळी कथाही ऐकवली. म्हटलं, कामाला येईल.

इंदुबाईंनी ती नीट ऐकून घेतली. "बाय, भाव कमी केला, तं उद्या पिशवी गळाली की बदलून कशातून देऊ?"

मग त्या पिशव्या पाण्याने भरायला उठल्या. ही त्यांची रीत. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्यांनी मिठागरावर डोक्यावरून पिण्याचं पाणी वाहिलं होतं. चहूकडे पाणी, पण घोटभर पिण्याजोगं नाही. "रिकामा भांडा कोनाच्या हातात द्याचा न्हाय," असं त्या म्हणायच्या आणि गिऱ्हाइकाने कितीही कुरकुर केली तरी बाटली भरून, उलटी करून, पुसूनच द्यायच्या.

पण विपुलला घाई होती. "आंटी, रहने दो. पॅकिंगमध्येच द्या. एवढं पाणी कोण उचलणार?" इंदुबाईंनी नाइलाजाने पिशव्या कोऱ्याच दिल्या.

निघायच्या संध्याकाळी बस गेटपाशी उभी होती. एवढ्यात रिक्षातून इंदुबाई उतरल्या. सोबत दोन जड गोण्या. त्या कोऱ्या पिशव्या त्यांच्या मनातून गेल्याच नव्हत्या. म्हणून त्याच मालातली एक उरलेली पिशवी त्यांनी दुकानात भरून टांगून ठेवली होती.

"आज सकाली बघतंय, तं खाली पानीच पानी," त्या म्हणाल्या.

"आंटी, आता ऐन वेळी मी काय करू?" विपुल वैतागला.

इंदुबाईंनी सान्वीची पिशवी मागितली, वॉचमनच्या नळावर भरली आणि बसच्या दाराला अडकवली. आम्ही सगळे बघत उभे राहिलो. बराच वेळ काहीच होईना. मला हायसं वाटायला लागलं होतं. मग नळीच्या बुडाशी एक थेंब धरला. मागून दुसरा आला आणि धारच लागली. भर उन्हात ही पिशवी सान्वीच्या पाठीवर रिकामी झाली असती.

गोण्यांत स्टीलच्या बाटल्या होत्या. पिशवीहून महाग, आणि सगळ्या भरलेल्या. विपुलने वरचे पैसे विचारले.

"भाव झाला तो झाला. नव्या पिशव्या आल्या की बाटल्या परत आना."

सान्वीच्या गळ्यात त्यांनी एक जास्तीची बाटली अडकवली. "याला नळी न्हाय. दर वळनाला थांब नि पी. लाजू नको." मग विपुलकडे वळल्या. "हिच्यासाठी थांबशील ना रं?" विपुलने मान हलवली.

गडावरचं टाकं कोरडं ठणठणीत निघालं. सान्वी मात्र स्वतःच्या पायांनी घरी आली. रापलेली, आणि विपुलदादाने दर वळणाला पाणी पाजून जीव नकोसा केला म्हणून कुरकुरणारी. मी तिला जवळ घेतलं आणि चक्क रडले.

नव्या पिशव्या आल्या तशी मी बाटल्या परत द्यायला गेले. त्यांच्या दुकानातून आलेलं भांडं रिकामं कसं न्यायचं? एकीत आमच्या रत्नागिरीच्या आगळाचं कोकम सरबत भरलं. इंदुबाई ते चवीने प्यायल्या. बाटली विसळली. मला वाटलं, आता फळीवर ठेवतील. त्यांनी ती माठातल्या पाण्याने भरली आणि माझ्या हातात दिली.

"मावशी, ही तुमची बाटली आहे."

"हाय ना. पन ऊन बघ किती हाय. तशीच जाशील काय?"

तेव्हापासून ती बाटली त्यांच्या दुकानातून आमच्या घरी आणि आमच्या घरून त्यांच्या दुकानात ये-जा करते आहे. माझ्याकडून कधी सरबत, कधी ताक, त्यांच्याकडून माठाचं पाणी. दोन वर्षं झाली. ती बाटली केवढ्याची, हे मी अजून विचारलेलं नाही.