होडीतली सहावी सीट

संपतआप्पांची जीप शिरूर स्टँडच्या बाहेर लागायची. शिरूर, न्हावरा, चौफुला, आणि पॅसेंजर असले तर थेट दौंड. सीट भरल्याशिवाय गाडी सुटायची नाही, आणि भरली तरी लगेच सुटायची नाही. आप्पा मागे वळून म्हणायचे, "सरका जरा, एक सीट हाय." आतली माणसं कुरकुरत सरकायची आणि कुठून तरी आणखी एकाची जागा व्हायची.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी गाडी भरली. शेवटचा माणूस चढला, दार लागलं, तरी गाडी सुटेना. सगळ्यांना वाटलं, आप्पा आणखी एखाद्याची वाट बघतायत. वडगाव रासाईची एक म्हातारी म्हणालीसुद्धा, "आता काय डोक्यावर बसवतो का रं कुणाला?" आप्पांचा उजवा कोपर नेहमीसारखा खिडकीबाहेर होता आणि नजर रस्त्यावर. ते नेमके कधी गेले, हे मागे बसलेल्यांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. कितीतरी वेळ ती माणसं एका मेलेल्या माणसाच्या पाठीकडे बघत गाडी सुटायची वाट पाहत होती.

त्या आप्पांची बायको सविता. माहेर कवठे येमाई. शिरूरच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. स्टँडमागच्या गल्लीतलं दुकान लग्नापासून तिच्याच हातात आहे. आधी तिथं एसटीडीचा पिवळा बोर्ड होता, जोडीला एका टीव्हीवर गेम, मग इंटरनेट आलं, मग मोबाईलमुळं एसटीडी आणि इंटरनेट दोन्ही गेलं आणि गेम राहिले. आता पाच स्क्रीन, पाच खुर्च्या. अर्ध्या तासाच्या हिशेबानं पोरं येतात. पोरं म्हणजे बहुतेक रांजणगावच्या कारखान्यांतले कामगार. शिफ्ट सुटली की अंगातला निळा शर्ट न बदलता येतात आणि सविताला काकू म्हणतात.

ते सगळे एकच गेम मागतात. लाल मफलरवाला. एका जुन्या परदेशी कंपनीचा हा हीरो. सविताच्या दुकानात तो पहिल्यांदा कॅसेटमधून आला, तेव्हा चौकोनी ठिपक्यांचा होता. आता त्याच्या मफलरचा धागा न् धागा दिसतो, पण तो उडी तशीच मारतो. कंपनीनं मधल्या काळात किती तरी दुसरे गेम काढले. दुकानात आले, लागले, निघाले. सविताला त्यांची नावंही आठवत नाहीत, आणि तिला याचं कधी काही वाटलंही नव्हतं.

वाटायला लागलं ते स्नेहलमुळं. याच दुकानात, याच खुर्च्यांवर अभ्यास करत वाढलेली तिची एकुलती एक मुलगी पुण्यात ॲनिमेशन शिकली आणि त्याच कंपनीचं काम करणाऱ्या ऑफिसात लागली. सुरुवातीची वर्षं मफलर रंगवण्यात गेली. मग कंपनीनं अगदी नवा गेम करायचं ठरवलं, मफलरवाल्याशी संबंध नसलेला. नदीकाठ, धुकं, घाट, आणि पलीकडं नेणारी एक होडी. होडी आणि होडीवाला स्नेहलकडं आले.

"आई, होडीला मी आप्पांचा नियम लावलाय," तिनं फोनवर सांगितलं होतं. "सहा जागा. जगातल्या कुठल्याही सहा जणांनी बसायचं. भरल्याशिवाय सुटायची नाही."

"आणि नाही भरली तर?"

"अगं, एवढी मोठी कंपनी! साहेब हसले. म्हणाले, लाखो लोक येणार, सहा जमायला वेळ तो किती लागणार?"

गेम आला. त्याच आठवड्यात कंपनीनं मफलरवाल्याचा नवा भागही काढला. दुकानात लावायला पोस्टर आलं, त्यात मफलरवाला डोक्यापासून पायापर्यंत, आणि खाली कोपऱ्यात अंगठ्याएवढी होडी.

सवितानं तो गेम पाचव्या स्क्रीनवर लावून ठेवला. कुणी हात लावला नाही. नवनाथ नावाचा, पंप बनवणाऱ्या कारखान्यातला पोरगा रोज यायचा. तिनं त्याला विचारलं, "एकदा बघ तरी. त्याच कंपनीचा आहे."

"काकू, दिवसभर लाईनवर नवीन मॉडेल, नवीन सुपरवायझर, नवीन शिव्या. हितं तरी वळखीचं कुणी असू द्या की."

त्याचा दोस्त विक्रम स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "आन् ह्यात जिंकलो तर सांगायचं कुणाला? मफलरवाल्याचा किल्ला पाडला म्हणलं की आख्खी कॅन्टीन इचारती, कसा रं? होडीत बसलो म्हणलं तर म्हणतील, मग पोह की."

"शिकायलाच अर्धा तास जाईल," नवनाथ म्हणाला. "आन् अर्ध्या तासानं तुम्ही उठवणार."

यात खोटं काहीच नव्हतं. सविता वहीत त्यांची वेळ लिहायला वळली.

एका सकाळी झाडून झाल्यावर, कुणी यायच्या आत, ती स्वतः पाचव्या खुर्चीत बसली. धुकं. घाटाच्या पायऱ्या. होडीशी एक माणूस पाठमोरा उभा होता, उजवा खांदा जरा खाली झुकलेला. खिडकीबाहेर कोपर टाकून टाकून आप्पांचा खांदा असाच झुकला होता. मग आवाज आला, "एक सीट, एक सीट!" सविताच्या हातातला कंट्रोलर खाली पडला. स्नेहलनं मोबाईलमधल्या जुन्या व्हिडिओतून बापाचा आवाज काढून होडीवाल्याला दिला होता, आणि आईला सांगायचं टाळलं होतं.

होडीत एक जण आधीच बसलेला होता. अंगावर घोंगडी, तोंड नदीकडं. होडी सुटेपर्यंत कुणाचंच नाव दिसत नाही, सगळ्यांना तीच घोंगडी. सविता चाचपडत पायऱ्या उतरली आणि शेजारी बसली. ती आकृती जराशी सरकली. जीपमधली माणसं सरकायची तशी.

दुसऱ्या दिवशीही आकृती तिथंच होती. तिसऱ्याही.

त्याच दिवसांत स्नेहल फोन घेईनाशी झाली. घेतला तरी "कामात आहे" एवढंच. मग तिच्या खोलीत राहणाऱ्या दीक्षाचा फोन आला. "काकू, गेम बंद करणार आहेत. या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. कुणी खेळतच नाही म्हणे. स्नेहल जेवत नाही, खिडकी लावून बसून असते. हाक मारली तर दचकते."

सविताला एकदम उलगडलं. जगात जो गेम कुणीच खेळत नाही, त्यात सकाळ-संध्याकाळ बसणारं दुसरं असणार कोण? पोरगी बापाच्या होडीत बसून होती. होडी सुटेना म्हणून उठेना.

ती पुण्याला जाऊन आली. स्नेहलनं दार उघडलं, चहा केला, आईचा डबा न उघडता बाजूला ठेवला. "मी ठीक आहे गं," म्हणाली. तिचे डोळे आईच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडं लागले होते. सविता रिकाम्या हातानं परत आली आणि सकाळी पुन्हा पाचव्या खुर्चीत बसली. गेममध्ये बोलायची सोय नव्हती. तरी ती स्क्रीनशी बोलायची. "जेवलीस का? ऊठ ना गं. थोडं ऊन तरी बघ." आकृती नदीकडं बघत राहायची. आणि मागं आप्पांचा आवाज, न थकता, "एक सीट, एक सीट!" दुपारी भाजी चिरतानाही तो तिच्या कानात असायचा.

तिनं मनाशी ठरवलं. होडी एकदा सुटली की पोरगी उठेल. सहा जागा भरायच्या.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. पहिली शिफ्ट सुटल्यावर नवनाथ, विक्रम आणि त्यांचे दोन सोबती नेहमीसारखे आले. सविता सरळ खोटं बोलली. "मफलरवाला आज अपडेट होतोय. बंद आहे. बसायचं तर होडीत बसा."

"काकू, तुम्ही आम्हाला गंडवताय," विक्रम हसला.

"गंडवतेय. बसा."

तिचा चेहरा बघून तो हसायचा थांबला. चौघं बसले. पाचवीत ती. होडीतली आकृती धरून सहा.

"च्यायला, चालायचं कसं ह्याच्यात?" "ते गोल बटण दाब." "आरं पाण्यात चाललास, म्हशी!" "यहाँ मारना किसको है, भाभी?" त्यांच्यातला बिहारचा वेल्डर विचारत होता. "कुणालाच नाही," सविता म्हणाली. "फक्त बसायचं."

एकेक जण होडीत चढला. प्रत्येक वेळी ती घोंगडीवाली आकृती थोडी सरकत गेली. नवनाथ मध्येच थांबला. "काकू, ह्यो आवाज..." त्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. तो न्हावऱ्याचा. शाळा-कॉलेजची सगळी वर्षं आप्पांच्या जीपमधून आलेला. "ह्यो आप्पांचा आवाज हाय."

"हो. बस तू."

नवनाथ बसला. सहावी जागा भरली. होडीवाला वळला. त्याच्या चेहऱ्यावर फक्त धुकं होतं. "बसली का समदी?" तो म्हणाला, आणि होडी घाटापासून सुटली.

"सुटली!" सविता ओरडली. "स्नेहल, सुटली बघ!"

"काय सुटली, आई?"

दारात स्नेहल उभी होती. खांद्यावर बॅग, केस विस्कटलेले, एसटीतून उतरून थेट आलेली. "तिथं बसून ते बंद होताना बघवणार नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून घरी आले."

सवितानं तिच्याकडं पाहिलं, मग स्क्रीनकडं. घोंगडीवाली आकृती होडीच्या टोकाला बसलेली होती.

"मग ही कोण? महिनाभर तू बसत नव्हतीस ह्याच्यात?"

"मी? गेम आला त्या दिवसापासून मी तो उघडलेलासुद्धा नाही. आप्पांना असं कुणाच्या तरी वाटेकडं डोळे लावून उभं राहिलेलं मला बघवत नव्हतं."

होडी सुटली होती, म्हणजे आता नावं दिसायला हवी होती. पाच जणांच्या डोक्यावर ती आलीही. सविताच्या दुकानाचं नाव, पुढं एक ते पाच. सहाव्याच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

"आसंल कुणीतरी," विक्रम म्हणाला, पण खुर्ची मागं सरकवत. "जपानबिपानचं. नाव न लिहिता खेळणारं."

"असेल," स्नेहल म्हणाली. ती चालत आईच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली होती. "कुणीतरी एक जण होतं म्हणजे. एवढे दिवस."

होडी धुक्यात शिरत होती. काठ दिसेनासा झाला.

"पलीकडं काय आहे गं?" सवितानं विचारलं.

"काहीच नाही, आई. पलीकडचा काठ आम्ही केलाच नाही. पहिला भाग चालला असता तर दुसऱ्यात करणार होतो."

स्क्रीन पांढरा होत गेला. त्या पांढऱ्यात होडी आणि सहा घोंगड्या तेवढ्या उरल्या. मग होडीवाल्यानं वल्हं थांबवलं, उजवा खांदा आणखी झुकवून मागं पाहिलं आणि म्हणाला, "सरका जरा. एक सीट हाय."

स्नेहल स्क्रीनकडं वाकली. "ही ओळ आम्ही काढून टाकली होती," ती पुटपुटली. "भरल्यावर आणखी कुणाला घ्यायचं नाही, असं साहेबांनी सांगितलं होतं. मी स्वतः काढली होती."

टोकाची आकृती सरकली. तिच्याशेजारी एकाची जागा झाली, मोकळी, नीट एका माणसाच्या मापाची. आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या आकृतीनं नदीवरची मान वळवून स्क्रीनच्या बाहेर पाहिलं. सविताकडं नव्हे. सविताच्या खांद्यावरून, मागं.

स्नेहलचा हात आईच्या खांद्यावरून पुढं आला, कंट्रोलरकडं. तिच्या ओठांवर हसू होतं. असं हसू सवितानं चार वर्षांत तिच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. लहानपणी शाळेबाहेर जीप दिसली की ती असंच हसायची.

सवितानं तो हात मनगटात पकडला. दुसऱ्या हातानं भिंतीवरचं मेन बटण खाली ओढलं.

पाचही स्क्रीन विझले. पंखा घरघरत थांबला. अंधुक दुकानात चौघं जण आपापल्या जागी अवघडून बसले होते, जीपमध्ये बसावं तसे.

"काकू," नवनाथ हळूच म्हणाला, "जरा राहू द्यायचं की. आप्पा होते."

सवितानं मेनवरचा हात काढला नाही. पोरीचं मनगट तिच्या मुठीत होतं. आधी ते ओढ घेत होतं, मग हळूहळू सैल पडलं.

"घरी चल," ती म्हणाली. "भाकरी टाकते."